राख, कॉस्टिक आणि ऊब : फ्लाय अ‍ॅश बाइंडरच्या प्रयोगवहीतल्या नोंदी

४ डिसेंबर २०२३, नागपूर

विषय पक्का झाला. सिमेंट अजिबात न घालता, औष्णिक केंद्रात दगडी कोळसा जळून उरणाऱ्या बारीक राखेत, म्हणजे फ्लाय अ‍ॅशमध्ये कॉस्टिक सोडा आणि सोडियम सिलिकेटचं द्रावण कालवून मॉर्टर (बांधकामाचा मसाला) करायचं आणि त्याची ताकद कशाकशावर ठरते ते पाहायचं. विभागाच्या कपाटात याच विषयाचे जुने प्रबंध आहेत. बहुतेकांची चाल एकच: कॉस्टिकची ८, १०, १२, १४, १६ मोलरची द्रावणं (आकडा मोठा तितकं द्रावण तीव्र), प्रत्येकाचे क्यूब म्हणजे चाचणीचे ठोकळे, मोलॅरिटीबरोबर चढत जाणारा आलेख, निष्कर्ष. राख कुठून आणली ते एका ओळीत. ती किती बारीक होती हे बऱ्याच ठिकाणी नाहीच. एकाचा १२ मोलरचा क्यूब दुसऱ्याच्या ८ मोलरच्या क्यूबपेक्षा कमजोर आहे, पण याबद्दल दोघांनाही काही म्हणायचं नाही.

सर म्हणाले, "तोच आलेख पुन्हा काढायचा असेल तर विषय बदल." विषय ठेवला, प्रश्न बदलला. मोलॅरिटीचा खरा वाटा किती आणि बाकीच्या गोष्टींचा किती? राख, पाणी, ऊब, वेळ, कॅल्शियम. या सगळ्यांना एकाच वहीत शेजारी बसवायचं.

८ डिसेंबर

राख आली. विदर्भातल्या एका औष्णिक केंद्राची, तीन पोती, पण तीन वेगळ्या ठिकाणांहून काढलेली. यासाठी तिथल्या माणसांच्या बऱ्याच विनवण्या कराव्या लागल्या, कारण बाजारात जाणारी राख सायलोतून (साठवणीच्या कोठीतून) बल्करमध्ये (राखेच्या टँकरमध्ये) पडते आणि तिच्यात सगळं मिसळलेलं असतं. बॉयलरमधून निघालेला धूर ईएसपीच्या, म्हणजे विजेच्या भाराने राख पकडणाऱ्या यंत्राच्या, एकामागून एक फील्डमधून (कप्प्यांतून) जातो. जाड कण पहिल्याच फील्डच्या हॉपरमध्ये (खालच्या नरसाळ्यात) पडतात, बारीक कण पुढे पुढे जाऊन शेवटच्या हॉपरमध्ये. म्हणून पोत्यांवर खडूने लिहिलं: 'पहिला', 'शेवट', 'सायलो'.

४५ मायक्रॉनच्या चाळणीवर पाण्याने धुऊन पाहिलं. 'पहिला' जवळपास निम्मा वर राहतो. 'सायलो' पावापेक्षा थोडा जास्त. 'शेवट' मधलं चाळणीवर राहिलेलं बोटाने पुसून घेण्याइतकंच. राखेच्या भारतीय मानकाच्या, आयएस ३८१२ च्या, पहिल्या भागात ही मर्यादा ३४ टक्के आहे, म्हणजे 'पहिला' मानकात बसत नाही, बाकी दोन बसतात. सिलिका, अ‍ॅल्युमिना आणि लोहाचं ऑक्साइड यांची बेरीज ७० टक्क्यांच्या वर हवी. आपल्याकडच्या दगडी कोळशाच्या राखेत ती सहज भरते आणि चुना कमी असतो. तीनही पोती त्या कसोटीला उतरतात, आणि ती बेरीज तिघांचीही जवळपास सारखीच आहे. हे लक्षात ठेवायचं.

रंगही बोलतो. 'पहिला' काळपट, त्यात न जळालेला कोळसा जास्त. तो कार्बन द्रावण पिऊन टाकतो.

१२ डिसेंबर

कॉस्टिकचं द्रावण केलं. उद्याच्या मिश्रणासाठी आजच, कारण विरघळताना ते इतकं तापतं की बादलीला हात लावता येत नाही, आणि गरम द्रावण राखेत घातलं तर मॉर्टर हातातच आवळतं. पाण्यात फ्लेक्स थोडे थोडे सोडायचे, फ्लेक्सवर पाणी ओतायचं नाही. गॉगल, रबरी हातमोजे, शेजारी पाण्याचा नळ चालू. भांडी प्लास्टिकची किंवा स्टीलची. अ‍ॅल्युमिनियमचा ट्रे किंवा घमेलं प्रयोगशाळेच्या त्या टेबलावर येताच कामा नये. कॉस्टिक त्याला खातं आणि हायड्रोजन सुटतो.

मोलॅरिटीचं एक प्रकरण इथेच सापडलं. १२ मोलर म्हणजे एक लिटर द्रावणात ४८० ग्रॅम कॉस्टिक. एका जुन्या वहीत कृती लिहिली आहे: "एक लिटर पाण्यात ४८० ग्रॅम." कॉस्टिक टाकल्यावर घनफळ वाढतं, त्यामुळे ते द्रावण जेमतेम ११ मोलर होतं. म्हणजे दोन प्रबंधांतला '१२ मोलर' एकच असेल याची खात्री नाही. मी सगळं वजनावर ठरवलं आहे: ८ मोलर म्हणजे वजनाने सुमारे २५ टक्के कॉस्टिक, १० म्हणजे ३०, १२ म्हणजे ३५, १४ म्हणजे साडेएकोणचाळीस. तराजूला घनफळाची भानगड कळत नाही, हे बरं.

१३ डिसेंबर

ओतकाम सुरू करायच्या आधी रात्री हिशेब मांडला, तो इथे पूर्ण लिहिते, कारण सगळ्या प्रकल्पाचा कणा हाच ठरेल असं वाटतंय.

एक किलो राख धरली. द्रव ४०० ग्रॅम. सिलिकेट आणि कॉस्टिक द्रावणाचं प्रमाण अडीचास एक, सगळे घेतात तेच. म्हणजे कॉस्टिक द्रावण ११४ ग्रॅम, सिलिकेट २८६ ग्रॅम. आपल्याकडच्या सिलिकेटमध्ये सोडियम ऑक्साइड १४.७ टक्के, सिलिका २९.४ टक्के, उरलेलं पाणी.

१० मोलरच्या द्रावणातून सोडियम ऑक्साइड येतं साधारण २७ ग्रॅम. सिलिकेटमधून ४२ ग्रॅम. एकूण ६९, म्हणजे राखेच्या ६.९ टक्के. आलेख मोलॅरिटीचा काढतो, पण सोडियमचा मोठा वाटा सिलिकेटच्या कॅनमधून येतो, आणि त्या कॅनला कुणी हात लावलेला नसतो.

आता ८ मोलर घेतलं तर एकूण ६.४ टक्के, १४ घेतलं तर ७.७. मोलॅरिटी पाऊणपट वाढली, सोडियम मात्र पाचव्या हिश्शाने. आणि त्याच वेळी पाणीही हललं. जास्त कॉस्टिक असलेल्या द्रावणात पाणी कमी असतं. ८ मोलरच्या मिश्रणात एकूण पाणी २४५ ग्रॅम, १४ मध्ये २२९. पाण्याला एकूण घन पदार्थांनी भागलं तर ०.२१३ वरून ०.१९५ वर घसरण. म्हणजे मोलॅरिटीच्या आलेखात दोन माणसं एकाच सहीने पैसे काढत आहेत, आणि श्रेय एकालाच जातंय.

सरांना दाखवलं. म्हणाले, "मग वेगळं कर त्यांना." करायचं. पण आधी साधं मिश्रण नीट बसू दे.

१९ डिसेंबर

'सायलो' राख, १० मोलर, राखेस दुप्पट एन्नोरची स्टँडर्ड वाळू, ७०.६ मिमीचे क्यूब, टेबल व्हायब्रेटरवर. काही क्यूब खोलीत ठेवले, काही एक दिवस थांबवून ओव्हनमध्ये ६० अंशांवर २४ तास.

खोलीतले अजून ओले. डिसेंबरच्या नागपुरात, उत्तरेकडच्या खिडकीजवळ, तीन दिवसांनी साचा उघडायला गेले तर लॅबमधल्या काकांनी अडवलं. "काहून घाई करता ताई, बसलंच नाही ते अजून." कोपऱ्यावर अंगठा दाबला तर ठसा उमटला. ओव्हनमधले मात्र खणखणीत. क्यूबच्या एका बाजूचं क्षेत्रफळ साधारण ५० चौरस सेंटिमीटर, म्हणून भाराच्या किलोन्यूटनला पाचाने भागलं की ताकदीचे एमपीए (मेगापास्कल) मिळतात. काका हे मशीनवर आकडा थांबायच्या आत तोंडी सांगतात. ओव्हनवाल्यांची सरासरी १२५ किलोन्यूटन, म्हणजे २५ एमपीए. पुढच्या सगळ्या तुलनांसाठी हाच आधार.

२९ डिसेंबर

वाचन. ही कल्पना आपल्याला वाटते तितकी नवी नाही. बेल्जियममध्ये पर्डन यांनी १९४० मध्ये स्लॅगला (लोखंडाच्या भट्टीतल्या मळीला) अल्कलीने जागं करण्याचे प्रयोग मांडले. कीव्हमध्ये ग्लुखोव्स्की यांनी १९५० च्या दशकात त्यावर इमारती उभ्या राहतील इतकं काम केलं. 'जिओपॉलिमर' हे नाव फ्रान्सच्या जोसेफ डेव्हिडोविट्स यांनी १९७० च्या दशकात दिलं आणि तेच लोकांच्या तोंडी बसलं. फ्लाय अ‍ॅशपुरतं बोलायचं तर माझ्या टेबलावर सगळ्यात जास्त उघडा राहतो तो पर्थच्या कर्टिन विद्यापीठातला हार्जितो आणि रंगन यांचा २००५ चा अहवाल. आपल्याकडची अडीचास एक ही परंपरा बरीचशी तिथूनच आलेली दिसते. त्यांच्या राखेला लागू पडलेलं प्रमाण आपण मंत्रासारखं म्हणतो. राख तर त्यांची नाही.

आत काय घडतं ते स्वतःच्या शब्दांत लिहून ठेवते. राखेतला काचेचा भाग कॉस्टिकमध्ये विरघळतो. सिलिका आणि अ‍ॅल्युमिना सुटे होतात. सिलिकेट आयती विरघळलेली सिलिका पुरवतं. हे सगळं पुन्हा जोडलं जाऊन सोडियम-अ‍ॅल्युमिनो-सिलिकेटचं जेल बनतं आणि तेच कणांना बांधतं. या जाळ्यातला प्रत्येक अ‍ॅल्युमिनियम अणू एक ऋण भार घेऊन बसलेला असतो, तो फेडायला एक सोडियम लागतो. त्याहून जास्त सोडियम घातला तर त्याला जेलमध्ये जागा नाही. तो छिद्रांतल्या पाण्यात मोकळा फिरतो.

सिमेंटशी सगळ्यात मोठा फरक पाण्याचा. सिमेंट पाणी रासायनिकरीत्या धरून ठेवतं. इथे पाणी फक्त वाहतुकीला. जेल जुळताना ते बाहेर टाकलं जातं. म्हणून जास्तीचं पाणी म्हणजे सरळ छिद्रं. आणि म्हणून या क्यूबना पाण्याच्या टाकीत बुडवून 'क्युअरिंग' करायचं नसतं, जे काकांना अजून पटलेलं नाही.

१० जानेवारी २०२४

खोलीतल्या क्यूबचे २८ दिवस भरले. सरासरी १२ एमपीए. ओव्हनवाल्यांच्या निम्म्याहून कमी, पण सातव्या दिवशी जे ४ होते ते १२ झाले, म्हणजे आत काम चालू आहे, सावकाश. ओव्हनवाले २८ दिवसांनी फोडले तर ते जिथे होते जवळपास तिथेच. तापवून पिकवलेल्या क्यूबची ताकद वयाबरोबर फारशी वाढत नाही हे पर्थच्या अहवालात आहेच. सिमेंटवर वाढलेल्या मनाला हे विचित्र वाटतं: तिसऱ्या दिवशी जे मिळालं तेच कायमचं.

२३ जानेवारी

तापमानाची मालिका संपली. ४०, ६०, ८० अंश, प्रत्येकी २४ तास. ४० आणि ६० मधली उडी मोठी, दुपटीच्या वर. ६० ते ८० मधली लहान, पण आहे. वेळेचंही तसंच: ६० अंशांवर सहा तास ठेवलेले क्यूब २४ तासांवाल्यांच्या निम्म्यावर आले, ४८ तास ठेवल्याने थोडंच वाढलं. पहिल्या दिवसाची ऊब महत्त्वाची, पुढची नाममात्र. पेव्हर ब्लॉकवाल्याला वीजबिल भरायचं असेल तर त्याला हेच सांगावं लागेल.

एक संच मुद्दाम उघडा ठेवला, प्लास्टिक न गुंडाळता, ८० अंशांवर. तो ६० अंशांवर गुंडाळून ठेवलेल्या संचाइतकाही भरला नाही, आणि वरच्या तोंडावर केसासारख्या भेगा. पाणी जेलमध्ये राहत नसलं तरी काम चालू असेपर्यंत ते तिथे असावं लागतं. विरघळायला जागाच उरली नाही तर काच तशीच राहते. उष्णता आणि कोरडेपणा या दोन गोष्टी वेगळ्या ठेवायच्या. बाजारातल्या काही व्हिडिओंत क्यूब सरळ उन्हात उघडे मांडलेले दिसतात; त्यांचे आकडे कुणी विचारत नाही.

ओतल्यावर लगेच ओव्हनमध्ये टाकलेला संच आणि एक दिवस थांबवलेला संच यांतही फरक दिसला, थांबलेला सरस. पर्थवाल्यांनाही तेच दिसलं होतं.

१५ फेब्रुवारी

आज तो जुना आलेख उघडा पडला, निदान आमच्या राखेपुरता.

दोन मालिका. पहिली नेहमीची: ८, १०, १२, १४ मोलर, बाकी सगळं जसंच्या तसं. दुसरीत पाणी ते घन हे गुणोत्तर बांधून ठेवलं, सगळ्यांत ८ मोलरच्या मिश्रणाइतकंच. त्यासाठी किलोभर राखेमागे १० मोलरला ७ ग्रॅम पाणी वरून घातलं, १२ ला १४, १४ ला २०. वीस ग्रॅम म्हणजे चहाचे चार चमचे. कुणी ढवळताना भांडं विसळून घातलं तरी एवढं पाणी जातं.

पहिल्या मालिकेत ताकद २१ वरून २९ एमपीए. दुसरीत २१ वरून २४ वर जाऊन तिथेच रेंगाळली. १४ मोलरचा संच १२ च्या किंचित खालीच होता, पण तो फरक तीन क्यूबांच्या आपसातल्या फरकात बुडून जातो, म्हणून त्यावर काही बांधत नाही. म्हणजे आठ एमपीएच्या वाढीतला निम्म्याहून जास्त वाटा पाणी कमी झाल्याचा. कॉस्टिकला उरलेले तीन.

कॉस्टिक बिनमहत्त्वाचं असं यातून मुळीच निघत नाही. ६ मोलरला घसरण स्पष्ट आहे. काच विरघळवायला किमान जोर लागतोच, आणि मिश्रणातून सिलिकेट काढून टाकलं तर सगळा भार कॉस्टिकवर येईल व आलेख पुन्हा उभा होईल. पण सिलिकेट अडीचपट असताना ८ ते १४ च्या पट्ट्यात मोलॅरिटी हा मोठा खेळाडू नाही. पाणी ते घन हे गुणोत्तर प्रत्येक प्रबंधाच्या पहिल्या तक्त्यात असायला हवं. आपल्या कपाटात ते एकाही प्रबंधात नाही.

सरांनी वही वाचून फक्त विचारलं, "फ्लो मोजलास?" मोजला आहे. १४ मोलरचं पाणी न वाढवलेलं मॉर्टर टेबलावर जेमतेम पसरतं, घट्ट आणि चिकट. पॉलिकार्बोक्सिलेटचं महागडं सुपरप्लास्टिसायझर (मिश्रण सैल करणारं रसायन) घालून पाहिलं; या अल्कलीत त्याची साखळी तग धरत नाही, काहीच झालं नाही. जुनं नॅप्थॅलिनवालं थोडं चालतं.

१२ मार्च

हॉपर. याची मी डिसेंबरपासून वाट पाहत होते.

तिन्ही पोती, एकच कृती, १० मोलर, ६० अंश, २४ तास, गुंडाळून. 'पहिला' १६ एमपीए. 'सायलो' २५. 'शेवट' ३४. एकाच चिमणीखालची, एकाच कोळशाची, बेरजेच्या कसोटीत भावंडं असलेली राख, आणि टोकाटोकांत दुपटीचा फरक. मोलॅरिटीच्या संपूर्ण पट्ट्याने तीन एमपीए दिले होते. पोतं बदलल्याने अठरा मिळाले.

दोन कारणं एकत्र आहेत. बारीक कणांना द्रावणाशी भिडायला पृष्ठभाग जास्त मिळतो. शिवाय लहान थेंब धुरात लवकर थिजतात, त्यांना स्फटिक बनायला सवड मिळत नाही, म्हणून त्यांत काच जास्त असते. जाड कणांत क्वार्ट्झचे न वितळलेले तुकडे आणि मुलाइट हे दुसरं स्फटिक. हे दोन्ही आमच्या कॉस्टिकला दाद देत नाहीत, वाळूसारखे नुसते पडून राहतात. रासायनिक तपासणीत मात्र क्वार्ट्झची सिलिका आणि काचेतली सिलिका एकाच रकान्यात बेरजेला जाते. मानकाची ७० टक्क्यांची अट सिमेंटमध्ये मिसळायच्या राखेसाठी लिहिली आहे. आमच्या कामाला ती अपुरी पडते. एक्स-रे डिफ्रॅक्शनच्या (स्फटिक ओळखायच्या क्ष-किरण तपासणीच्या) आलेखावर 'शेवट' चा काचेचा उंचवटा रुंद आणि ठसठशीत आहे, 'पहिला' मध्ये क्वार्ट्झची टोकं वर आलेली.

काचेचं प्रमाण मोजायची हायड्रोफ्लोरिक आम्लाची पद्धत वाचनात आहे, पण ते आम्ल या लॅबमध्ये येणार नाही यावर सर आणि मी एकमत आहोत.

२८ मार्च

'पहिला' बॉल मिलमध्ये दळला. तो 'सायलो' इतका बारीक होईस्तोवर नाही, त्याच्याही पुढे. ताकद १६ वरून २७ वर. जमशेदपूरच्या राष्ट्रीय धातुकर्म प्रयोगशाळेत राखेच्या यांत्रिक सक्रियणावर काम झालेलं आहे. दळल्याने कण लहान होतात एवढंच नाही, त्यांचा पृष्ठभाग फाटतो, नवीन काच उघडी पडते, आणि मग कमी उबेतही ती काम करते. 'शेवट' ला मात्र गाठता आलं नाही. क्वार्ट्झ कितीही दळलं तरी क्वार्ट्झच.

मधल्या काळात दुसऱ्या एका केंद्राची राखही आली, 'सायलो' इतकीच बारीक. तिची ताकद चार एमपीएने कमी भरली. तिथला कोळसा वेगळा, बॉयलर वेगळा, कदाचित त्या आठवड्यात तो कमी भारावर चालत असेल. एवढंच म्हणता येतं की फक्त चाळणी पुरत नाही.

२२ एप्रिल

१९ ला मतदान होतं, काका इलेक्शन ड्युटीवर, लॅबला कुलूप. आज स्लॅगचे क्यूब फोडले.

राखेतली तीस टक्के काढून तिथे पोलाद कारखान्याच्या झोतभट्टीची दळलेली स्लॅग घातली. नागपूरला भिलाई जवळ, म्हणून हा विचार इकडे पहिल्यापासून डोक्यात असतो. ओव्हन नाही, खोलीतच. सातव्या दिवशी ३० एमपीएच्या पुढे. स्लॅगमधलं कॅल्शियम वेगळंच जेल बनवतं, सिमेंटच्या जेलचं चुलतभावंड, आणि त्याला उबेची गरज पडत नाही. ऑस्ट्रेलियात टूवुम्बाजवळच्या वेलकॅम्प विमानतळावर २०१४ मध्ये सुमारे ४० हजार घनमीटर असं काँक्रीट ओतलं गेलं, तेही स्लॅग आणि राख मिसळूनच. निव्वळ राखेवर उघड्या मैदानात विमानतळाची फरसबंदी करणं अवघड होतं.

किंमत वेळेत मोजावी लागते. एप्रिलच्या दुपारी हे मिश्रण अर्ध्या तासात आवळलं, शेवटचे दोन साचे ठोकून भरावे लागले आणि ते निकालातून वगळले. स्लॅग पन्नास टक्के केलेलं घमेल्यातच बसलं. काका खूश: "आता झालं ना सिमेंटासारखं!"

२९ एप्रिल

हिंगण्याच्या एमआयडीसीतले पेव्हर ब्लॉकवाले भाऊ येऊन गेले. त्यांचे प्रश्न आमच्या प्रश्नांपेक्षा सरळ. सिमेंटपेक्षा स्वस्त पडेल का? राख जवळजवळ वाहतुकीच्या भावात, पण सिलिकेट महाग, आणि ते वाळू व सोडा अ‍ॅश हजार अंशांच्या वर वितळवूनच बनतं, म्हणजे 'हिरवं' म्हणून जे विकायचं त्याचा धूर तिकडे निघतो. आमच्या निकालाचा त्यांना उपयोग इथेच आहे: मोलॅरिटी वाढवण्यात पैसे घालू नका, बारीक राख मागून घ्या आणि पाणी वजनाने घाला. बल्करवाल्याला कोणत्या फील्डची राख हे विचारायचं त्यांना कधी सुचलं नव्हतं.

दुसरा प्रश्न मजुरांचा. कॉस्टिकचा शिंतोडा डोळ्यात गेला तर नुसतं पाणी मारून भागत नाही, डोळा जाऊ शकतो. हातमोजे दुपारी काढून ठेवणाऱ्या माणसांच्या हाती १४ मोलर देणं मला पटत नाही, ताकद कितीही येवो. ८ मोलरवर थांबायला हेही एक कारण आहे, आणि ते कुठल्याच आलेखात दिसत नाही.

तिसरा: सरकारी कामात चालेल का? आयएस १७४५२ हे २०२० चं मार्गदर्शक मानक प्रीकास्ट वस्तूंपुरतं आहे. त्यांना ते पाठवलं.

२८ मे

नवतपा, उन्हाळ्यातले सगळ्यात तापलेले नऊ दिवस. पारा ४५ च्या आसपास. गच्चीवर पत्र्याची पेटी ठेवली, आत प्लास्टिकमध्ये गुंडाळलेले निव्वळ राखेचे क्यूब, 'सायलो' आणि 'शेवट'. पेटीतला थर्मामीटर दुपारी ६० च्या वर जातो, पहाटे तिशीवर येतो. वीज शून्य.

तीन दिवसांनी 'सायलो' २२ एमपीए, म्हणजे ओव्हनच्या जवळ. 'शेवट' ३१. तीच कृती डिसेंबरात खोलीत अंगठ्याने दबत होती. विदर्भातल्या माणसाने या बाइंडरचा विचार मार्च ते जूनच्या दिनदर्शिकेवर करावा असं मला आता वाटतं. ओव्हनचा खर्च फक्त थंडीतल्या मालाला. अर्थात पेटीत रात्रीची थंडी आहे, ढगाळ दिवस आहेत. ओव्हनसारखी खात्री यात नाही, क्यूबागणिक फरकही जास्त दिसला.

२४ जून

जुन्या क्यूबांतले काही ट्रेमध्ये बोटभर पाण्यात उभे ठेवले होते. १४ मोलरवाल्यांच्या वरच्या कडेला पांढरी लव फुटली आहे, झाडली की पुन्हा येते. मोकळा सोडियम पाण्याबरोबर वर चढतो आणि हवेतल्या कार्बन डायऑक्साइडशी मिळून सोडियम कार्बोनेट होऊन बसतो. ८ मोलरच्या 'शेवट' वर जवळजवळ काही नाही: सोडियम कमी, आणि ती राख जास्त विरघळत असल्याने तो जेलमध्ये अडकवायला अ‍ॅल्युमिनियमही भरपूर सुटा झालेला. 'पहिला' सगळ्यात वाईट. त्यालाच ताकद नाही म्हणून जास्त कॉस्टिक पाजायचा मोह होतो, आणि तोच सगळ्यात जास्त फुलतो.

पांढऱ्या लवेने ताकद किती गेली ते अजून फोडून पाहिलेलं नाही; तो संच पावसाळाभर ट्रेमध्येच राहील. तोवर प्रबंधाच्या पहिल्या तक्त्याचे रकाने ठरवले: राखेचा हॉपर, ४५ मायक्रॉनवरचा अवशेष, जळणघट (तापवल्यावर घटणारं वजन, मुख्यतः न जळालेला कोळसा), सोडियम ऑक्साइडची टक्केवारी, पाणी ते घन गुणोत्तर, पहिल्या २४ तासांचं तापमान, गुंडाळलं की उघडं. मोलॅरिटी शेवटच्या रकान्यात, वजनाच्या टक्क्यांसह. सरांनी त्यात एक वाढवला: राख भरल्याची तारीख. केंद्राला पुढच्या पोत्यांसाठी पत्र आज गेलं, या वेळी मागणी फक्त शेवटच्या दोन फील्डची.